चीनच्या इतिहासात आपलंच भांडण

दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत चीनचा विषय निघतो तो मालाच्या भावावरून. इथे रसायनांचे आणि औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने आहेत. तिकडच्या एखाद्या प्रांतात प्रदूषणाचं कारण देऊन कारखाने बंद केले, की इकडे खरेदी खात्यातले फोन खणखणू लागतात. जून २०२० मध्ये गलवानची चकमक झाली, तेव्हा ‘चायनाचा माल बंद करा’ म्हणणारा आणि ‘चायनाचा माल बंदरात अडकला’ म्हणून डोक्याला हात लावून बसलेला, पुष्कळदा एकच माणूस होता. वसाहतीजवळून जाणारा पुणे–सोलापूर रस्ता थेट सोलापूरला पोचतो, आणि तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. एका टोकाला स्वस्त माल, दुसऱ्या टोकाला कोटणीस, आणि मनात कायमचं बसलेलं बासष्टचं युद्ध. मराठी माणसाचा चीन बहुतेक एवढ्यातच आटोपतो.

गेल्या पावणेदोनशे वर्षांचा चीनचा इतिहास आपल्यापर्यंत कोणी, कुठून आणि कसा आणला, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपलं चीनविषयक लेखन एकतर्फी झालं ते कुणी मुद्दाम खोटं लिहिलं म्हणून फारसं नाही. चीनबद्दल लिहिताना आपण जवळजवळ नेहमी आपल्याच घरातलं भांडण लिहीत आलो. नेहरू बरोबर की चूक, क्रांती हवी की सुधारणा, लोकशाही परवडते की नाही, हे आपले प्रश्न. चीन हा त्यांतला साक्षीदार. आणि साक्षीदाराला आपण हवं तेवढंच बोलू दिलं.

सुरुवात कोटणीसांपासून करू, कारण त्यांच्याबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे असं आपल्याला वाटतं. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. चिनी कम्युनिस्टांचे सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती आणि काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी लोकांना आवाहन केलं होतं. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, सोबत नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ला ते मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस परतले नाहीत. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर त्यांनी काम केलं, १९४१ मध्ये कॅनेडियन डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते संचालक झाले, परिचारिका असलेल्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला.

ही झाली हकीगत. तिचं पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ लिहिलं. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यावरून ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला आणि नायकाची भूमिका स्वतः केली. पडद्यावरचे कोटणीस साथीच्या रोगाशी झुंजतात, जपान्यांच्या हाती सापडतात, तिथून निसटतात. खऱ्या कोटणीसांचं काम यापेक्षा कंटाळवाणं आणि म्हणूनच कठीण होतं: डोंगराळ भागातली हलती रुग्णालयं, अपुरी औषधं, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया आणि तरुण मुलामुलींना शिकवणं. चित्रपटाला साथ हवी होती, कारण अपस्माराने आलेल्या मरणात खलनायक नसतो.

दोन गोष्टी या कथेतून सहसा गळतात. पहिली, पथक आधी पोचलं ते च्यांग काय-शेकच्या राष्ट्रवादी सरकारच्या भागात. तिथे काही महिने काम करून मगच, १९३९च्या सुरुवातीला, ते कम्युनिस्टांच्या येनानला गेले. त्या वेळी कम्युनिस्ट आणि राष्ट्रवादी जपानविरुद्ध एकत्र लढत होते, निदान कागदावर. बीजिंगच्या सोहळ्यांत पथकाचा हा पूर्वार्ध पुसट होतो, कारण तो च्यांगच्या खात्यावर जमा करावा लागेल. दुसरी गोष्ट आपल्याकडे गळते. मृत्यूच्या काही महिने आधी, जुलै १९४२ मध्ये, कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. आपल्या सत्काराच्या भाषणांत ते सेवाभावी डॉक्टर असतात, पक्षाचे सभासद क्वचितच. दोन्ही देशांनी त्यांची प्रतिमा आपापल्या भिंतीच्या मापाने कापून घेतली. टपाल तिकिटांच्या तारखाही पाहण्यासारख्या आहेत: चीनने १९८२ मध्ये काढलं, भारताने १९९३ मध्ये. त्याआधी बासष्ट होऊन गेलं होतं.

आणि डॉ. चोळकर? तेही मराठी, त्याच बोटीने गेलेले. वयाने बरेच मोठे होते आणि लवकर परतले. परत आले म्हणून इतिहासातून गेले. डॉ. बसूंची ‘कॉल ऑफ येनान’ ही रोजनिशीवजा हकीगत वाचली तर पथकातले रुसवेफुगवे, वाट पाहण्यात गेलेले दिवस, नेमकं काम काय करायचं याबद्दलचा गोंधळ, सगळं दिसतं. ते वाचून कोटणीस लहान होत नाहीत. उलट पहिल्यांदाच ओळखीचे वाटू लागतात.

कोटणीसांच्या शंभर वर्षं मागे गेलं की गोष्ट अवघड होते, कारण तिथे आपण उपकार करणाऱ्यांच्या बाजूला नाही. चिनी पाठ्यपुस्तकांतला आधुनिक इतिहास १८४०च्या अफूच्या युद्धापासून सुरू होतो. शंभर वर्षांच्या मानहानीची ती पहिली पायरी. त्या कथेत खलनायक इंग्रज आहे, आणि आपणही ती तशीच शिकलो. पण अफू कुठली? बरीचशी माळव्याची. शिंदे आणि होळकरांच्या मुलखात पिकलेली, तिथल्या सावकारांनी पैसा लावलेली, आणि मुंबई बंदरातून, कधी इंग्रजांचा कर चुकवायला दमणमार्गे, चीनला गेलेली. त्या व्यापारातले जमशेटजी जीजीभाई सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या भागीदारांत कोकणी मुसलमान महंमद अली रोघे होते, आणि याच धंद्यात गोव्याचे रोजेरिओ द फारियाही होते. १८३९ मध्ये आयुक्त लिन त्सेश्यू यांनी कँटनजवळ वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली तीही त्याच वर्षी. जे. जे. रुग्णालय आणि कला महाविद्यालय हे त्यांच्या दानाचे पुढचे टप्पे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ वसाहतीतल्या एका कारखान्यात मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा पकडला. काही दिवस कुरकुंभ हे नाव वर्तमानपत्रांत त्या एकाच गोष्टीसाठी येत राहिलं. इथल्या माणसाला ते खटकणारच. एका कारखान्यावरून अख्खं गाव ओळखायचं नसतं. मुंबईच्या बाबतीत नेमकं उलट झालं. तिथे दानाच्या इमारतींवरून शहर ओळखलं गेलं आणि अफू तळटीपेत गेली. अमर फारुकी यांनी ‘ओपियम सिटी’ या छोट्या पुस्तकात हा हिशेब मांडला आहे. मुंबईच्या घडणीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा. जमशेटजींना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं असं मी म्हणत नाही. त्या काळी तो उघड, प्रतिष्ठित व्यापार होता. पण चीनच्या मानहानीबद्दल हळहळताना त्या पेट्यांवर आपलंही नाव होतं, हे वगळून लिहिणं म्हणजे सोयीचं लिहिणं.

जाता जाता एक वेगळा आवाज नोंदवतो. १९०० मध्ये बॉक्सर उठाव मोडायला गेलेल्या फौजेत राजपूत पलटणीचे ठाकूर गदाधर सिंह होते. त्यांनी हिंदीत ‘चीन में तेरह मास’ लिहिलं आणि लुटल्या, मारल्या जाणाऱ्या चिनी माणसांबद्दलची कळवळ त्यात उघडपणे मांडली. विजयी सैन्यातला, पगारी शिपाई, आणि तरी त्याची नजर शाबूत. पक्षपात पदावरून ठरतो असं मानणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.

१९४९ची क्रांती मराठीत आली ती आधी शाहिरीतून. अण्णा भाऊ साठे यांची ‘नानकिन नगरापुढे’ ही रचना त्याच काळातली. गिरणगावाला चीनमध्ये आपलाच उद्या दिसत होता. गंमत अशी की त्याच वेळी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस बी. टी. रणदिवे, तेही मराठीच, जुलै १९४९ मध्ये पक्षाच्या नियतकालिकातून माओच्या सिद्धांतावर तुटून पडले होते. माओ काही महिन्यांत सत्तेवर येणार होता, आणि मुंबईतल्या पक्षनेत्याला तो पुरेसा मार्क्सवादी वाटत नव्हता. मॉस्कोचा रोख कळल्यावर ही भूमिका मागे पडली आणि रणदिवेही पदावरून गेले. चीन तोच, महिने तेच. शाहिराचा आणि सरचिटणीसाचा चीन मात्र वेगळा.

नंतर वि. ग. कानिटकरांचं ‘माओ : क्रांतीचे चित्र आणि चरित्र’ आलं, अरुण साधूंचं ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ आलं. एका अख्ख्या पिढीने चीन वाचला तो या दोघांच्या हातून. दोघेही वाचनीय, दोघांनाही गोष्ट सांगता येते, आणि हे श्रेय लहान नाही. पण दोघांच्याही मागे उभी आहे ती इंग्रजी ग्रंथांची रांग, आणि त्या रांगेत पहिला एडगर स्नो. स्नो १९३६ मध्ये माओच्या मुलखात गेला, माओने त्याला आपली जीवनकथा सांगितली, आणि १९३७चं ‘रेड स्टार ओव्हर चायना’ जगभर गेलं. माओच्या बालपणाबद्दल, लाँग मार्चबद्दल जे काही जगाने पुढे वाचलं त्याचा मोठा भाग माओने स्वतः सांगितलेला आहे. स्नो खोटं लिहीत नव्हता. त्याला दाखवलं गेलं तेवढं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. त्याच्यावरून पुढे लिहिणाऱ्यांनी मात्र हा तपशील सांगायला हवा होता. दुसऱ्या टोकाला २००५ मध्ये आलेलं युंग चांग आणि जॉन हॅलिडे यांचं माओचरित्र. त्यात माओच्या हातून चुकूनही काही चांगलं होत नाही. चीनच्या अनेक अभ्यासकांनी त्यातल्या पुराव्यांच्या वापरावर कठोर टीका केली. आधी देव्हारा, मग चिखल. चरित्र या दोन्हींत सापडत नाही.

अमेरिकी विद्यापीठांतही असाच एक मोठा वाद झाला. जॉन फेअरबँक यांच्या पिढीने आधुनिक चीनचा इतिहास ‘पश्चिमेचा धक्का आणि चीनचं उत्तर’ या साच्यात मांडला. १९८४ मध्ये पॉल कोहेन यांनी विचारलं, की चीनमध्ये जे घडलं त्याची कारणं चीनमध्येच का शोधू नयेत? मराठी इतिहासलेखनाला हा प्रश्न नवा नाही. इंग्रजांनी लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासाला राजवाड्यांनी दिलेलं उत्तर याच जातीचं होतं. कागद आपले, भाषा आपली, मग कारणं परक्यांनी का सांगावीत? स्वतःसाठी मागितलेला हा न्याय आपण चीनला मात्र दिला नाही.

आता जरा थांबून पाहावं असं प्रकरण. १९५६ मध्ये चीनमधल्या शेती सहकाराचा अभ्यास करायला भारत सरकारने एक शिष्टमंडळ पाठवलं. त्याचे प्रमुख होते नागपूरचे आर. के. पाटील: आयसीएसची नोकरी सोडून आलेले, गांधीवादी वळणाचे, नियोजन आयोगाचे माजी सदस्य. साध्या, सचोटीच्या माणसाची चीनबद्दल काय नजर असते ते त्यांच्या १९५७च्या अहवालात दिसतं. चिनी शेतीची झपाट्याने वाढलेली सहकारी व्यवस्था बघून मंडळ प्रभावित झालं आणि भारतातही असे प्रयोग मोठ्या संख्येने व्हावेत अशी शिफारस त्याने केली. अहवालाला भिन्नमतपत्रिकाही जोडलेली होती: हे सगळं लोकांनी आपखुशीने केलं यावर सर्वांचाच विश्वास नव्हता. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी शेतीचा ठराव केला. त्याच हिवाळ्यात चीनच्या खेड्यांत भूकबळी पडायला सुरुवात झाली होती.

आपल्याकडचा सहकार वेगळा निघाला, हे इथे कुणाला सांगायला नको. कुरकुंभशेजारच्या पाटसच्या साखर कारखान्याचा सभासद ऊस घालतो, जमीन मात्र त्याच्याच सातबाऱ्यावर राहते. चीनमध्ये १९५८ला कम्यून आले तेव्हा जमीन तर गेलीच, घरची चूलही गेली. धान्याचे आकडे वरच्यांना खूष करायला फुगवले जात, फुगवलेल्या आकड्यांवरून सरकार वसुली करी, आणि उरत काही नसे. १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री फंग तह-ह्वाय यांनी हे बोलून दाखवलं आणि त्यांचं पद गेलं. त्यानंतर बोलणारा उरला नाही. सरकारी चिनी भाषेत तो काळ ‘नैसर्गिक आपत्तीची तीन वर्षं’ म्हणून नोंदला गेला.

किती माणसं मेली? इथे तटस्थतेची खरी कसोटी लागते. चिनी लोकसंख्यातज्ज्ञ च्यांग चंग-ह्वा यांचा अंदाज सुमारे १ कोटी ७० लाख. इतिहासकार त्साव शू-ची यांचा ३ कोटी २५ लाख. यांग ची-शंग यांचा ३ कोटी ६० लाख. फ्रँक डिकोटर यांचा किमान साडेचार कोटी. या यादीतून आपापल्या राजकारणाला शोभेल तो आकडा उचलायचा, ही आपल्याकडची रीत: डाव्यांनी सर्वात लहान, उजव्यांनी सर्वात मोठा. बेरीज करून चाराने भागणं हीसुद्धा तटस्थता नाही. आकडा कसा काढला ते बघावं लागतं. डिकोटर यांनी प्रांतिक दफ्तरखान्यांतले कागद खूप पाहिले. पण एरवीचा मृत्युदर त्यांनी फार कमी धरला आणि म्हणून जादा मृत्यू वाढले, अशी टीका झाली. यांग यांचं वजन मला जास्त वाटतं. ते शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेचे पत्रकार. १९५९ मध्ये त्यांचे वडील उपाशी मेले, आणि तेव्हा त्यांना वाटलं होतं की हे आपल्या घरचं दुर्दैव. पुढे पत्रकार म्हणून मिळालेल्या ओळखींच्या बळावर त्यांनी प्रांताप्रांतांतले कागद गोळा केले. त्यांचं ‘टूमस्टोन’ २००८ मध्ये हाँगकाँगला छापलं गेलं, चीनमध्ये त्याला मज्जाव झाला. वडील गमावलेला माणूस तटस्थ कसा, असं कुणी विचारील. तो तटस्थ नाहीच. पण त्याचा प्रत्येक आकडा कुठून आला हे पानोपानी दिसतं, आणि विरोधकाला तो तपासता येतो.

दौंड-शिरूरच्या जिरायती पट्ट्यात बहात्तरचा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत. खडी फोडणं, पाझर तलावांची कामं, सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते. पीक बुडालं, जनावरं गेली, पण माणसं चीनसारखी मेली नाहीत. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी यातून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे: वर्तमानपत्रं आणि निवडणुका असलेल्या देशात सरकारला दुष्काळ लपवता येत नाही. हे वाक्य आपण आवडीने सांगतो. त्यांचा दुसरा निष्कर्ष आपण कमी सांगतो: रोजच्या कुपोषणाने आणि आजाराने हळूहळू मरणारी माणसं बातमी होत नाहीत, आणि ती वाचवण्यात चीनने भारताला मागे टाकलं होतं. पहिलं घेऊन दुसरं सोडणारा लेखक, आणि दुसरं घेऊन पहिलं सोडणारा, हे दोघे मला सारखेच वाटतात.

पन्नाशीच्या दशकात चीनबद्दल जागरूक आवाज नव्हते असं नाही. २६ ऑगस्ट १९५४ला राज्यसभेत डॉ. आंबेडकरांनी पंचशीलावर आणि तिबेटवरच्या चीनच्या ताब्याला मिळालेल्या मान्यतेवर टीका केली. आज ते भाषण भाकीत म्हणून फिरवलं जातं. मूळ भाषण वाचलं तर तो भारताच्या एकूण परराष्ट्र धोरणावरचा युक्तिवाद आहे; चीन त्यातला एक भाग. भाकिताची हौस असली की युक्तिवाद वाचायचा राहून जातो.

तटस्थ म्हणजे नेमकं काय, याचा धडा एका मराठी सेनाधिकाऱ्याने कोरियात घेतला. शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे युद्धकैदी भारताच्या ताब्यात दिले गेले. त्यांत चौदा हजारांवर चिनी होते. त्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. दक्षिण कोरियाने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिलं नाही, त्यांना हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरलं, तेव्हा थोरात निःशस्त्र आत गेले आणि त्याला घेऊन आले. शेवटी बहुतेक चिनी कैदी तैवानला गेले. तैवानने त्यांना साम्यवादाविरुद्धचे वीर ठरवलं. बीजिंगने सांगितलं की च्यांगच्या हस्तकांनी छावण्यांत दहशत घालून, अंगावर घोषणा गोंदवून त्यांना अडवलं. कागद उघडल्यावर दिसतं ते असं: गोंदवणं आणि मारहाण खरी होती, आणि परत जायची मनापासून भीती वाटणारेही पुष्कळ होते. थोरातांचं दल या दोन्ही सत्यांच्या मध्ये उभं होतं आणि दोन्हीकडून शिव्या खात होतं. हेच थोरात पुढे लखनौला पूर्व विभागाचे प्रमुख झाले आणि मार्च १९६० मध्ये ‘लाल किला’ या सरावातून त्यांनी दाखवून दिलं की चीनने हल्ला केला तर आहे त्या तयारीवर ईशान्य सीमा टिकणार नाही. ते दिल्लीने मनावर घेतलं नाही.

मग बासष्ट. २० ऑक्टोबरला हल्ला, २१ नोव्हेंबरला चीनची एकतर्फी युद्धबंदी. मराठीत या युद्धाची सर्वात लाडकी ओळ म्हणजे हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेत होते तो दिवस २१ नोव्हेंबरचाच. म्हणजे सह्याद्री पोचला तेव्हा लढाई संपली होती. यात चव्हाणांची किंमत कमी होत नाही. मोडलेलं सैन्य उभं करण्याचं त्यांचं काम खरं आणि मोठं होतं. पण आपल्या अभिमानाला आधी आणि नंतर यांतला फरक ठेवायचा नसतो. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. तिचा सारांश २ सप्टेंबर १९६३ला संसदेत मांडला तो चव्हाणांनीच, आणि मूळ अहवाल तेव्हापासून गुप्त आहे.

त्या बंद कपाटाभोवतीच पुढचं सगळं लेखन फिरलं. युद्धात ईशान्य सीमेवरच्या फौजेचे प्रमुख असलेले जनरल कौल यांनी १९६७ मध्ये स्वतःची बाजू मांडली. ब्रिगेडियर जॉन दळवी, नामका चू नदीवरच्या ब्रिगेडचे प्रमुख आणि सात महिने चीनच्या कैदेत राहिलेले, यांनी १९६९ मध्ये ‘हिमालयन ब्लंडर’ लिहिलं. त्यात राग आहे आणि त्या रागाला पुरावा आहे. १९७० मध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांचं ‘इंडियाज चायना वॉर’ आलं. मॅक्सवेल लंडनच्या ‘टाइम्स’चे दिल्लीतले वार्ताहर. त्यांना गुप्त अहवाल पाहायला मिळाला होता, आणि २०१४ मध्ये त्याचा काही भाग त्यांनी उघडही केला. पुढे जाऊन ठाणी रोवण्याच्या नेहरूंच्या धोरणाने चीनला डिवचलं, हे त्यांचं म्हणणं भारतीय कागदांवर उभं आहे आणि सहज उडवून लावता येत नाही. पण भारताचा शब्द ते भिंगाखाली धरतात आणि चीनचा शब्द तसाच उचलतात. चीनचे कागद तेव्हा बंदच होते. चीनच्या लष्करी प्रकाशनाने १९९४ मध्ये या युद्धाचा इतिहास छापला तो ‘आत्मसंरक्षणासाठी प्रतिहल्ला’ या नावाने, निकाल मुखपृष्ठावरच. भारताच्या संरक्षण मंत्रालयानेही १९९२ मध्ये इतिहास तयार केला, आणि खाजगी वितरणापुरता ठेवला.

मराठीत या विषयावरचं माझ्या मते सर्वात जबाबदार पुस्तक मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’. चीन किती दुष्ट यापेक्षा आपलं काय चुकलं हा प्रश्न ते विचारतात. वर्दीतल्या माणसाला हे जमतं आणि स्टुडिओत बसणाऱ्याला जमत नाही, हे मला नेहमी जाणवत आलं आहे.

बासष्टच्या लेखनातली सर्वात मोठी पोकळी मात्र युद्धभूमीवर नाही. युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, त्यांत भारतात जन्मलेले पुष्कळ, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काही तिथे वर्षानुवर्षं राहिले. जॉय मा, जिचा जन्मच त्या छावणीतला, आणि मुंबईचे दिलीप डिसोझा यांनी २०२० मध्ये ‘देवळीवालाज’ लिहून ही हकीगत मांडली. ती वाचून कुणी देशद्रोही होत नाही.

चीनमध्ये मात्र वाचून आणि विचारून माणूस तुरुंगात जाऊ शकतो. १९८१ मध्ये पक्षाने ठराव करून सांस्कृतिक क्रांती ही माओची गंभीर चूक असं लिहिलं तरी होतं. शी चिनफिंग यांच्या काळात ‘ऐतिहासिक शून्यवाद’, म्हणजे पक्षाच्या अधिकृत इतिहासावर शंका घेणं, हा आरोप झाला, आणि वीर-हुतात्म्यांच्या बदनामीला २०२१ पासून फौजदारी शिक्षा आली. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले, त्यांची नावं दोन दिवसांत जाहीर झाली. चीनने आपल्या चार मृतांची नावं आठ महिन्यांनी दिली. तो आकडा खरा का, असा प्रश्न करणाऱ्या एका चिनी ब्लॉगलेखकाला आठ महिन्यांची शिक्षा झाली. बीजिंगचं परराष्ट्र दफ्तर २००४ पासून अभ्यासकांना उघडलं जात होतं. २०१२-१३च्या सुमारास तेही पुष्कळसं बंद झालं.

दोन्हीकडे कुलपं आहेत म्हणून दोन्ही देश सारखेच, असं म्हणणं ही खोटी तटस्थता. आपल्याकडे अहवाल गुप्त आहे, पण त्यावर ओरडणारा तुरुंगात जात नाही. हा फरक लिहायलाच हवा. आणि हा फरक आहे म्हणून अहवाल आणखी साठ वर्षं दाबून ठेवावा, असंही नाही.

आमच्या शेजारी शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा आहे. १ जानेवारी १८१८ची लढाई त्या गावात झाली. तिचा विजयस्तंभ नदीपलीकडे, हवेलीतल्या पेरण्याच्या हद्दीत. इंग्रजांनी तो आपल्या फौजेसाठी उभारला, १९२७च्या १ जानेवारीला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि त्याला नवा अर्थ मिळाला, २०१८च्या हिंसाचारानंतर तर इतिहास चौकशी आयोगापुढे साक्षीला आला. ज्याला कुणाला ती लढाई कशीही मांडायची असो, स्तंभावर कोरलेली नावं तिथे जाऊन वाचता येतात. तेवढा आधार चीनच्या बहुतेक आधुनिक इतिहासाला नाही, आणि तो नसताना आपण इतक्या ठामपणे लिहितो याचं मला आश्चर्य वाटतं.

चिनी भाषा येणारा मराठी माणूस दुर्मीळ खरा, अशक्य नव्हे. वसंत परांजपे १९४७ मध्ये बीजिंगच्या विद्यापीठात शिकायला गेले आणि १९५४ मध्ये नेहरू आणि माओ यांच्या भेटीत दुभाषे म्हणून बसले. औषध कंपन्या चिनी भाषा जाणणारी मुलं खरेदीसाठी शोधतात, पगारही देतात. इतिहास वाचण्यासाठी कुणी देत नाही. मराठी प्रकाशकांना आणि पुण्याच्या विद्यापीठाला माझी विनंती एवढीच, की चीनवरची पुढची चार पुस्तकं इंग्रजीतून आणण्याआधी एक तरी थेट चिनीतून आणा. आणि ज्याला तोवर वाट पाहायची नाही, त्या वाचकाने बासष्टसाठी पित्रे, दळवी आणि मॅक्सवेल हे तिघे त्याच क्रमाने वाचावेत. मॅक्सवेल वाचताना चिडचिड होईल. तरी पुस्तक मध्येच टाकू नये.